तात्तांच्या खोलीतला पंखा

पाळैयंकोट्टै, मुलींचं वसतिगृह
८ जानेवारी २०१७

ती. सुडलैमुत्तू मामांना,
शि. सा. न. वि. वि. (हॉस्टेलच्या कॉटवर पालथी पडून लिहितेय, त्यामुळे नमस्कार खरोखरच साष्टांग आहे. आणि विनंती तर विशेष आहेच, पुढे वाचा.)

फोन का नाही केला, असं विचारू नका. तात्तांचा नियम त्यांचा मुलगा म्हणून तुम्हालाच जास्त माहीत. खुशाली फोनवर, भांडण पत्राने. पोस्टमनचं घर आहे, निदान टपाल खात्याचा तरी फायदा. तेव्हा ओळखलंच असेल की हे भांडणाचं पत्र आहे.

तर बातमी अशी की आमच्या कॉलेजला सरकारकडून निधी मिळालाय. लोकांनी अवयवदानासाठी नाव नोंदवावं म्हणून गावोगाव प्रचार करायचा. पैसे मार्चअखेर संपवायचे, नाहीतर परत जातात. नाव नोंदवणाऱ्याला मात्र एक पैसा द्यायचा नाही, हे सरांनी इतक्या वेळा बजावलं की आम्ही झोपेत पण म्हणतो. फक्त बॅनर, माईक, चहा आणि हरभऱ्याचं सुंडल. आणि मामा, अंबासमुद्रमची प्रमुख कोण? मी! कारण मी तिथली आणि सरांच्या मते सगळ्यात बडबडी.

सुट्टीत मी तात्तांना हे सगळं सांगितलं होतं. तुम्ही तुमच्या बॅनरच्या दुकानात होतात. काल त्यांचं कार्ड आलं, की पहिलं नाव माझं लाव. म्हणतात, या डोळ्यांनी अख्ख्या तालुक्याचे पत्ते वाचलेत, डॉक्टरांच्या अक्षरातले पण, असले सरावाचे डोळे जाळायचे कशाला.

पण त्यांची एक अट आहे, आणि ती अट म्हणजे तुम्ही. बाकीचे अवयव हॉस्पिटलातच घेता येतात, डोळे मात्र माणूस घरी गेला तरी देता येतात. फक्त काही तासांच्या आत. आमच्या ट्रेनिंगला डॉक्टर बाई म्हणाल्या की नाव नोंदवणं सोपं, वेळेवर फोन करणं अवघड, कारण ज्याचे डोळे तो तेव्हा फोन करू शकत नाही. घरात जो असेल त्यानेच करायचा. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर उंच करायचं, आणि पहिलं काम म्हणजे पंखा बंद करायचा, नाहीतर डोळे सुकतात. आई सही करायला तयार आहे, पण ती मदुराईहून पोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल. घरात तुम्ही असणार. तात्तांनी स्पष्ट लिहिलंय की सुडलैने मनापासून हो म्हटलं तरच, मुलाच्या मनाविरुद्ध मी माझं काही कुणाला देणार नाही.

तेव्हा हो म्हणा. पोंगलला येता येत नाही, माझ्या वाटचा ऊस मामींनी खावा.

लोभ तुमचा आहेच, आता त्यावर एक सही पण असावी.
तुमची लाडकी (एकुलतीच असल्यामुळे वाद नाही) भाची,
कयल


अंबासमुद्रम
१७ जानेवारी २०१७

चि. कयल हिला अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे पोंगलचे, निम्मे राग गिळून दिलेले.

पत्राच्या माथ्यावर गणपतीची, आपल्या पिळ्ळैयारची खूण घालायला विसरलीस. इंग्रजी शाळेत घालू नको असं मी अक्काला तेव्हाच म्हटलं होतं. आता बघ, पोरगी देवाला विसरली आणि आजोबांचे डोळे मागायला लागली.

इकडे सगळे ठीक. तुझ्या मामीने तुझा ऊस खाल्ला आणि दाढ हलवून घेतली, तो खर्च तुझ्या निधीत बसतो का बघ. दुकानात कान टोचण्याचे बॅनर जोरात आहेत. काल एकाने सगळ्या मामा-काकांचे फोटो आणले, त्यात एक चुलतकाका राहिला. तो काका रात्री घरी आला आणि पुतण्याचा कान राहू दे, आधी माझं तोंड लाव म्हणून बसला. असल्या लोकांत मी धंदा करतो आणि तू मला अट घालतेस.

आता कामाचं. नाही.

कारण विचारशील, तर सांगतो, हसू नकोस. आई गेली, तुझी पाट्टी, तेव्हा तू शाळेत होतीस. तात्ता तिच्या उशाशी बसून एवढंच म्हणाले होते की पुढे हो, मी मागून येतो. तेव्हापासून ते हळूहळू तिच्या मागेच निघालेत, हे घरात सगळ्यांना दिसतं. आणि मी त्यांना डोळ्यांशिवाय पाठवू? तिकडे एवढ्या गर्दीत आई त्यांना ओळखू कशी यायची? तुझ्या डॉक्टर बाईंना विचार, याचं उत्तर त्यांच्या ट्रेनिंगात आहे का.

तात्तांनी मला विचारलं नाही, मीही त्यांना काही बोललो नाही. आम्ही दोघं रोज एकत्र ताडगुळाची कॉफी पितो आणि पावसापाण्याचं बोलतो.

बॅनर पाहिजे असेल तर दे, छापतो. भाची म्हणून सवलत नाही, सरकारी पैसा म्हणून जास्तही नाही. 

प्रेम आहे तसंच ठेव, मागण्या कमी कर.
तुझा मामा,
सुडलैमुत्तू


पाळैयंकोट्टै
२९ जानेवारी २०१७

ती. मामांना सा. न. वि. वि. (वर पिळ्ळैयार काढलाय बघा. सोंड जरा वाकडी झाली, पण भावना सरळ आहे.)

हसले नाही. खरंच. पत्र रूममेटला वाचूनही दाखवलं नाही, हे माझ्या बाबतीत किती मोठं आहे ते तिलाच विचारा.

पण मामा, तुमच्या देवघरात त्या शिकाऱ्याचं चित्र आहे ना, ज्याने शंकराच्या डोळ्यातून रक्त आलं म्हणून स्वतःचा डोळा काढून दिला? त्याला रोज उदबत्ती लावता आणि तात्तांना नाही म्हणता? त्याच्या मामाने नाही अडवलं.

बरं, बॅनरचं. मला एकदम वेगळा पाहिजे. तुमच्याकडे असतात तसा गुलाबी-पिवळा, कमळं आणि कबुतरं उडणारा नको. मोठ्या शहरात कसे असतात तसा, क्लास. मधे फक्त तात्तांचा फोटो, काळा-पांढरा, हात जोडलेले. मागे पूर्ण काळं. खाली एक छोटा दिवा. वर एकच ओळ, इसक्कीमुत्तू, निवृत्त पोस्टमन. आणि खाली बारीक अक्षरात नेत्रदानाची माहिती. बघणारा थांबलाच पाहिजे!

तुम्ही हो म्हणाला नाहीत तरी फोटो लावायला काय हरकत आहे? तात्तांना विचारलंय, ते म्हणाले की लाव, फक्त टक्कल कमी दिसेल असा लाव.

राग दोन ओळींत संपवा आणि लोभ उरलेल्या पानभर लिहा.
कयल


अंबासमुद्रम
६ फेब्रुवारी २०१७

चि. कयल, आशीर्वाद आहेत, पण हात डोक्यावर ठेवण्याऐवजी कान धरावासा वाटतो.

त्या शिकाऱ्याला शंकराने डोळे परत दिले होते. तुझं सरकार देणार आहे का? नसेल तर त्याचं नाव मधे आणू नकोस.

तुझा बॅनर मी छापणार नाही. पैशाचा प्रश्न नाही, अकलेचा आहे. अगं शहाणे, आपल्याकडे जिवंत माणूस रंगीत असतो आणि गोतावळ्यात असतो. एकटा म्हातारा, काळा-पांढरा, खाली दिवा, म्हणजे तो गेला. लोक अक्षर वाचत नाहीत, रंग बघतात आणि हार आणायला जातात. माझा सगळा धंदा या दोन प्रकारांवर चालतो, आनंदाचा आणि दुःखाचा. तिसरा प्रकार अजून निघालेला नाही.

शिवाय माझ्या हाताने माझ्या बापाचा तसला फोटो? जीभ चाव. रंगीत करू, तात्तांना निळा शर्ट घालू, शेजारी तुझा हसरा फोटो टाकू. मग सांग.

मामी विचारते की हॉस्टेलच्या सांबारात अजून पाणीच आहे का.

ऐकशील या आशेवर,
तुझा मामा


पाळैयंकोट्टै
१६ फेब्रुवारी २०१७

ती. मामांना सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही पण ना! आता लोक एवढे अडाणी राहिलेत का? प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, वाचता येतं सगळ्यांना. आमच्या डिझाइनच्या सरांना तर ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर बसून दिवा लावला. (म्हणजे चित्रातला. खरे दिवे आम्ही लावतो.) इथेच छापून घेतलाय. पंचवीसला, शनिवारी सकाळी, आमच्या कॉलेजची मुलं येऊन बस स्टँडसमोर लावतील. माझी परीक्षा आहे, म्हणून मी थेट बारा मार्चच्या शिबिराला येईन.

रागावला असाल तर शनिवारी बॅनर बघा, राग जाईल.

लोभ डळमळू देऊ नका.
कयल

ता. क. सांबारात आता पाणी पण कमी घालतात.


अंबासमुद्रम
२७ फेब्रुवारी २०१७

चि. कयल हिला आशीर्वाद. जिवंत तात्तांच्या घरातून लिहितो आहे.

तुझा बॅनर लोकांनी पाहिला. थांबून पाहिला. तुझी इच्छा पूर्ण झाली.

शनिवारी मी पहाटेच तेनकासीला लग्नाचे बॅनर पोचवायला गेलो होतो. मागे काय झालं ते मामीकडून ऐकलेलं सांगतो. बॅनर लागला आणि समोरच्या फुलवाल्याने आधी स्वतःचं दुकान अर्धं बंद करून दुःख पाळलं, मग उरलेल्या अर्ध्यातून हार विकायला सुरुवात केली. मग अख्खा बाजार आमच्या दारात. मामी उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती, तिला बघून बायकांनी एकदम गळा काढला. तीही बिचारी त्यांच्याबरोबर रडली. तिला वाटलं, त्यांच्यापैकीच कुणाचं तरी गेलं असेल. कुणीतरी ढोलवाल्यांनाही सांगितलं होतं. ते येऊन मयताचा शंख फुंकायला लागले तेव्हा तात्ता आतून आले आणि विचारलं की कोण गेलं.

त्यानंतर जी पळापळ झाली तिच्यात एक दही विकणारी बाई गटारात पडली.

पण खरी गंमत पुढे. जुने पोस्टमास्तर रामय्या आठवतात ना, ज्यांच्याशी तात्ता एका सायकलवरून पंचवीस वर्षं बोलत नाहीत? ते ओसरीवर डोळे मिटून बसले होते आणि रडत रडत सांगत होते की असा प्रामाणिक माणूस खात्यात झाला नाही, ती सायकल मोडली ती माझ्या हातून. तात्तांनी दाराआडून सगळं ऐकून घेतलं आणि मगच खाकरले. आता रामय्या म्हणतात, ते बोलणं धरायचं नाही, मेलेल्या माणसाला सांगितलं होतं.

एवढे हार, पण मयताला आणलेला हार परत नेता येत नाही आणि जिवंताच्या गळ्यात घालता येत नाही. सगळे हातात हार घेऊन बावळटासारखे उभे. तेव्हा तात्तांनी ओसरीवरून हुकूम सोडला की मोकळ्या हाताने कुणी जायचं नाही, आलातच तर नावं नोंदवून जा. तुझी मुलं स्टँडवर डोसा खात होती, त्यांना कागदांसकट पकडून आणलं. लाजेने म्हण, हसून म्हण, ओसरीवर रांग लागली. ढोलवाल्यांनीही नावं दिली. तुझ्या शिबिराचा चहा आमच्या घरी संपला.

मी दुपारच्या बसने परतलो, स्टँडवर बॅनर दिसला, घरी आलो. तात्ता इडली खात होते. बाकी विशेष काही नाही. हार नदीत सोडले, मामीने रस्त्यावर कोहळा फोडून दृष्ट काढली, बॅनर मी स्वतः उतरवला.

म्हटलं होतं की नाही?

रागावलेला पण खुशाल,
मामा


अंबासमुद्रम
२८ फेब्रुवारी २०१७

चि. कयल, आशीर्वाद.

कार्ड आहे, जागा कमी, म्हणून मुद्द्याचं. तुझ्या मामाने तुला पत्र टाकलं. त्यात बाकी विशेष काही नाही असं लिहिलं असेल. विशेष आहे.

स्टँडपासून घरापर्यंत तो अनवाणी पळत आला. चपला बसमध्येच राहिल्या. दारात गर्दी, ओसरीवर हार, त्याने कुणाला काही विचारलं नाही. पंखा बंद करा, पंखा बंद करा, कुणीतरी कापूस ओला करा, उशी आणा, असं ओरडतच आत शिरला. मी कॉटवर बसून इडली खात होतो. मी म्हटलं की अरे उकडतंय, राहू दे पंखा. त्याने ऐकलं नाही, आधी कपाटामागे हात घालून बटण बंद केलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

नंतर तो कसा रडला ते लिहीत नाही. कार्डं वाटेत सगळे वाचतात. मीही वाचायचो.

आता सहीचं तूच बघ. मला वाटतं, ती झाली.

तुझा तात्ता


पाळैयंकोट्टै
३ मार्च २०१७

ती. मामांना सा. न. वि. वि., आणि कान धरून माफी.

तुम्ही बरोबर होतात. मी अडाणी. डिझाइनचे सर पण अडाणी. स्टँडपासून घरापर्यंत तुमच्या मनाचं काय झालं असेल, याचा विचार मी बॅनर छापतानाच करायला हवा होता.

तात्तांचं कार्ड आलंय. त्यात काय आहे ते मी कुणाला सांगितलं नाही. फक्त आईला. आणि रूममेटला. आणि सरांना, कारण मी रडत होते आणि त्यांना वाटलं परीक्षेमुळे. मामा, मी हट्ट सोडते. तुम्ही सही नाही केलीत तरी चालेल. एवढंच सांगा, की सगळ्यात आधी पंखाच कसा आठवला?

चपला मी घेऊन येईन, नंबर कळवा.
लोभ आता मागायचं तोंड नाही, तुम्ही आपणहून द्या.
कयल


अंबासमुद्रम
६ मार्च २०१७

चि. कयल हिला पूर्ण आशीर्वाद, काहीही न कापता.

चपला नऊ नंबर. काळ्या नकोत.

पंखाच कसा आठवला म्हणतेस. मला काय माहीत! तुझं ते पहिलं पत्र मी रागाने इतक्यांदा वाचलं होतं की पाठ झालं असणार. बॅनर तुझा, हे माहीत असूनही मी अक्षर वाचलं नाही, रंग बघितला आणि पळालो. पळताना डोक्यात रडणं नव्हतं, आईही नव्हती. एवढंच होतं की म्हाताऱ्याने एकच गोष्ट मागितली होती, आणि घरातल्या कुणाला हे माहीत नाही, आणि पंखा फिरतोय. हो म्हणायचं राहून गेलं होतं ना. वाटलं, निदान एवढं तरी गाठावं.

रात्री कॉफी पिताना मी तात्तांना पहिल्यांदाच सरळ विचारलं, की डोळे दिल्यावर तिकडे आई कशी सापडणार. ते खूप हसले. म्हणाले की अरे, डोळे धडधाकट असताना चाळीस वर्षांत मला या घरात स्वतःचा टॉवेल सापडला नाही, काडेपेटी सापडली नाही, दर वेळी तिनेच आणून हातात दिली. तिकडे तरी मी शोधणार आहे का? तीच शोधेल, आणि वर चार शब्द ऐकवेल.

आईला ओळखणारा कुणीही हेच म्हणेल.

तेव्हा बाराला येताना दोन कागद आण. एकावर तात्तांसाठी सही करतो, दुसरा माझा. माझ्या कागदावर कोणाची सही पाहिजे ते मामीला तू विचार, माझी हिंमत नाही. नवा बॅनर छापून तयार आहे. तात्ता निळ्या शर्टात, गॉगल लावून, भोवती सगळा गोतावळा, तो चुलतकाकासुद्धा, आणि रामय्या हट्टाने तात्तांच्या शेजारी. कमळं आहेत, कबुतरंही आहेत. बिल सरकारला पाठव.

अजून एक. तात्तांच्या खोलीतलं पंख्याचं बटण कपाटामागे होतं, तुला आठवत असेल. काल वायरमन बोलावून ते त्यांच्या कॉटच्या उशाशी, दारातून हात जाईल तिथे घेतलं. तात्तांना वाटतं की त्यांच्या सोयीसाठी. सकाळपासून लहान मुलासारखे चालू-बंद करत बसलेत. तो दिवस खरंच येईल तेव्हा मला डोळ्यांनी धड काही दिसणार नाही, हे मला त्या शनिवारी कळलं. आता दिसलं नाही तरी हात बरोबर तिथे जाईल.

माया अशीच चालू ठेव. बंद करायचा तो फक्त पंखा, आणि त्याला काही घाई नाही.

तुझा मामा,
सुडलैमुत्तू